माईकवाले धर्माजीमामा आन् रविवारची मिटींग

धर्माजीमामा गेले ते चैत्रात. झोपेतच गेले, कुणाला हाक मारली न्हाई का पाणी मागितलं न्हाई. दशक्रियेला घाटावर एवढी माणसं लोटली की गाड्या लावायला जागा उरली न्हाई. भाषणं लई झाली. कुणी म्हणलं निरगुडसरचा आवाज गेला, कुणी म्हणलं तालुक्याचा आवाज गेला. पर मामांनी आयुष्यात जे सगळ्यात अवघड काम केलं त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला न्हाई. बोलणारांना ते ठाऊकच न्हवतं, आन् ज्यांना ठाऊक व्हतं ते मागं चपलांपाशी हात जोडून उभे राहिले आन् गुमान निघून गेले. मामांची बायको बयामामी म्हणली, "आता सांगा लोकांना. ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं, त्यांना त्याची लाज न्हवती." म्हणून ही गोष्ट.

यातल्या सुदर्शनचं खरं नाव सुदर्शन न्हाई, आन् त्याचं गावही फिरवून सांगितलंय. फतेचंद शेठ मात्र स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतात, त्यामुळं त्यांचं लपवायची गरज न्हाई.

आमच्याकडं माणूस गेलं की दहाव्याला सगळा मुलूख घाटावर जमतो. पाहुणे येतात, सोसायटीचे चेअरमन येतात, आजी सरपंच येतात, माजी सरपंच येतात. अशा येळी माईकवर एक माणूस लागतो. कोण कोण आलंय ते बघायचं, एकेकाचं गावासकट, पदासकट नाव घ्यायचं, कुणाचं राहून गेलं तर तो वर्षभर रुसून बसतो. मंग गेलेल्या माणसाबद्दल दोन गोड शब्द. हे काम धर्माजीमामांचं. शेती व्हतीच, ऊस व्हता, दोन म्हशी व्हत्या, पर मामांची खरी ओळख माईकची. गेलेला माणूस जित्तेपणी कसाबी असू दे, मामांच्या तोंडातून तो देवमाणूस होऊनच बाहेर पडायचा. बाया पदरानं डोळं पुसायच्या. मामी म्हणायची, "मेलेल्यांचं लई गोड बोलता. एखाद्या दिवशी जित्त्याचंबी बोला."

घसा सुटावा म्हणून मामा आधी थोडी घ्यायचे. मंग भाषण झालं की जीव भरून येतो म्हणून थोडी. मंग ज्या दिवशी दहावा नसायचा त्या दिवशी काय करायचं कळत न्हाई म्हणून थोडी. असं करत करत सारंच त्यात गेलं. पर गावात कुणी त्यांना बेवडा म्हणलं न्हाई. चार माणसांत बोलणारा माणूस, घेत असंल जरा, असंच समदे म्हणायचे.

मंग शेजारच्या एका गावात ती गोष्ट घडली. तिथला म्हातारा गेला व्हता. त्याचा लेक भागू डोकं भादरून पुढंच बसला व्हता. मामा सकाळीच घेऊन आलेले. उभे राहिले, आवाज एकदम खणखणीत, आन् म्हणले, "कैलासवासी भागूशेठ यांच्या जाण्यानं या गावावर जे दुःखाचं..." आन् पुढं भागूचे समदे गुण सांगायला लागले. भागू कसा मनमिळाऊ व्हता, भागूनं पाणी योजनेला कशी जागा दिली.

भागू उठून उभा राहिला. "मामा, आवो, मी हाय अजून."

मागची पोरं हासली. पर पुढं बसलेल्या म्हातारीनं ऊर बडवायला सुरुवात केली, "नवरा नेला, आता लेकाला घालवतोय का रं मुडद्या!" कुणीतरी मामांच्या हातातून माईक काढून घेतला. मामांना गाडीवर मागं बसवून घरी आणून सोडलं, पोतं आणून टाकावं तसं.

त्या दिवसापासून कुणाचं बोलावणं आलं न्हाई. मामा सकाळीच सुरू व्हायला लागले. हातपाय सुजले, डोळं पिवळं पडलं. मामी गुडघ्याच्या गोळ्या आणायला घोडेगावला सरकारी दवाखान्यात गेली तवा तिथल्या साधना सिस्टरनं नुसतं विचारलं, "मालक बरे आहेत ना?" आन् मामी तिथंच रडायला लागली. सिस्टरनं तिला आत नेऊन बसवलं, च्या पाजला आन् एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. म्हणली, "ही माणसं स्वतः पिणारी होती. आता मिटींग भरवून एकत्र बसतात, एकमेकांना सांभाळतात. औषध नाही, बाबा-बुवा नाही. फोन करून बघा."

मामीनं घरी येऊन लगेच लावला. पलीकडचा माणूस म्हणला, "ताई, ज्यांना सोडायचीय त्यांनीच बोलायचं असतं. त्यांच्याकडं द्या."

मामा बोलायला तयार न्हाईत. मंग मामीनं काय करावं, तर रोज सकाळी च्याच्या कपाशेजारी तो नंबर लावून फोन ठेवायची, बशीत खारी ठेवावी तशी. मामा कट करायचे. दुसऱ्या दिवशी परत कप, परत फोन. भांडण न्हाई, का रडणं न्हाई. पलीकडचा माणूसही मोठा चिवट, रोज उचलायचा. "हॅलो, मी आहे इथं," एवढंच म्हणायचा. शेवटी एका सकाळी मामांनी वैतागून फोन कानाला लावला. "कोण रं तू? रोज काय मी हाय, मी हाय!"

"मी तुमच्यासारखाच आहे," पलीकडून आलं. "सकाळी माझे हात थरथरायचे, कपातला चहा सांडायचा. तुमचा सांडतो का?"

मामांनी समोरच्या बशीकडं बघितलं. बशी च्यानं भरली व्हती. म्हणले, "कुठं असती ती मिटींग?"

जवळ मंचरला व्हती, नारायणगावला व्हती. पर मामा म्हणले जुन्नरला जाईन, तिकडं मला कोण ओळखतंय. मामी कितीतरी दिवसांनी हासली. "अवो, तुमाला न ओळखणारं माणूस शोधायचं तर नाशकाच्याबी पुढं जावं लागंल!"

जुन्नरची मिटींग रविवारी भरायची, मुद्दाम बाजारच्या दिवशी. गर्दीत कोण कुठल्या बोळात शिरला ते कळत न्हाई. फतेचंद शेठचं धान्याचं दुकान, त्याच्या मागं गोदाम. बाहेर शेंगदाण्याची पोती, आत दहा-बारा माणसं, कुणी खुर्चीवर, कुणी पोत्यावर. फतेचंद शेठ मारवाडी जैन, आजोबांच्या येळेपासून जुन्नरात. त्यांच्या घरात कांदा चिरत न्हाईत, आन् हे गोदामात पोत्यांमागं बाटल्या लपवायचे. त्यांच्या सुमतीबाईंनी एकदा हरभऱ्याचं पोतं उचललं तवा सगळं उघड झालं. शेठ हे हासत हासत सांगायचे. मामांना वाटलं, कसला निर्लज्ज माणूस. मंग वाटलं, एवढं हलकं मला कधी वाटलं न्हाई.

शेठ म्हणले, "नवीन पाहुणे आलेत. बोलायचं तर बोला, नाहीतर ऐका. नुसतं नाव सांगितलं तरी चालेल."

आता माणसं समोर बसलेली आन् धर्माजीमामांना बोला म्हणलेलं. जन्माची सवय. मामा उठले, टोपी सारखी केली, चौफेर नजर फिरवली, आन् घाटावरच्याच आवाजात सुरू केलं. "या ठिकाणी उपस्थित असलेले जुन्नरचे प्रसिद्ध व्यापारी आदरणीय फतेचंद शेठ! पंचायत समितीचे आमचे साहेब! तसंच पिंपळवंडीहून खास आलेले, शाळेच्या गाडीवरचे आपल्या सर्वांचे लाडके सुदर्शन भाऊ, ज्यांच्या आजोबांच्या दशक्रियेला बोलण्याचं भाग्य मला लाभलं..."

मामांच्या मनात काही वाईट न्हवतं. उलट कुणाचं नाव राहू नये म्हणून ते जीव तोडून आठवत व्हते. दुकानाचा पाठीमागचा दरवाजा उघडाच, बाहेर पायली-पायली धान्य घेणाऱ्या बाया उभ्या. सुदर्शनचं नाव गावासकट, कामासकट बाहेर गेलं. तो पोरगेला माणूस, तिशीचा, शाळेची गाडी चालवायचा आन् पोरं उतरवून आल्यावर प्यायचा. तोबी पहिल्यांदाच आला व्हता. त्याचं तोंड पांढरं पडलं. उठला आन् रुमालानं तोंड झाकून बोळातून निघून गेला. साहेबबी गेले.

शेठनी मामांचा हात धरून खाली बसवलं. "धर्माजीराव, इथं कुणाला गाव नसतं. पद नसतं. इथलं नाव इथंच ठेवायचं असतं."

"मला काय ठाऊक! मी आपला मान दिला."

"दिलात," शेठ म्हणले. "पण इथं माणूस मान सोडायला येतो."

मामा म्हणले, मी परत येत न्हाई. शेठ म्हणले, "याच. फक्त गप बसा."

मंग मामा गप बसायला शिकले. त्यांना दारू सोडण्याइतकंच ते जड गेलं. दर रविवारी एसटीनं जायचे, एका पोत्यावर बसायचे, दुसऱ्यांचं ऐकायचे. दारू सुटत व्हती, अंग थरथर करायचं, घाम यायचा, मामी रात्रंदिवस जवळ असायची, पर सुटत व्हती. बोलायची पाळी आली की मात्र मामा मान हलवून पुढच्याकडं सरकवायचे. दुसऱ्याबद्दल म्हणून शब्दांची पोतीच्या पोती, आन् स्वतःबद्दल एक मूठ निघंना.

आन् सुदर्शन काही परत येईना. बाजारात बोललं गेलंच व्हतं. पिंपळवंडीच्या एका आईनं पोराला त्याच्या गाडीतनं काढलं. सुदर्शन म्हणला म्हणं, नाव खराब झालंच हाय तर मी कशाला सुधरू. साहेब परत आले, हासत म्हणले, "धर्माजीराव, माझी बायको तर म्हणली, उघड झालं ते बरं झालं." पर सुदर्शनची जागा तशीच. मामा मामीला म्हणले, "बये, त्या पोराच्या गाडीत लेकरं असत्यात. उद्या त्यानं सकाळीच घेतली तर? ते माझ्या तोंडानं व्हईल."

"मंग तोंड घेऊन जा की त्याच्याकडं," मामी म्हणली. "घरात बसून काय वाजवताय."

मामांनी शेठना विचारलं. शेठ म्हणले, आपण कुणाला ओढून आणत नाही. जा, पण उपदेश करू नका. आपलं असेल ते सांगा आन् निघून या.

मामा पिंपळवंडीला पोचले तर सुदर्शनची आई ओट्यावर लसूण सोलत बसलेली. मामांना बघून तिच्या हातातलं सूप पडलं. "अगं बाई! कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाई, वैनी."

"मंग तुमी कसे? खरं सांगा, माझ्या भावाकडचं का कोण?" असं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावलासुद्धा. शेजारणीबी जमल्या. धर्माजी माईकवाला दारात आला म्हणजे दहाव्याची तारीख सांगायलाच आला, असाच सगळ्यांचा हिशोब. शेवटी मामा म्हणले, "टोमॅटोची रोपं बघायला आलो. सुदर्शननं लावल्यात म्हणून ऐकलं."

सुदर्शन घरातून बाहेर आला, मामांना बघितलं, दात-ओठ खाल्ले, आन् चला म्हणला. रानात बांधावर पोचल्यावर मात्र भडकला. "मामा, आता घरी येऊनबी बोंब ठोकायचीय का? तिकडं माईकवर माझं नाव घेतलंच की!"

"माईक न्हवता रं तिथं."

"तुमच्या गळ्यातच माईक हाय!"

मामा खाली बांधावर बसले. टोमॅटोला टोचलेल्या काठ्या मोजत बसल्यासारखं बघत राहिले. म्हणले, "तुला या म्हणायला आलो न्हाई. मला एक सांगायचंय, ते मला तिथं सांगता येईना."

सुदर्शन उभाच.

"माझी आई गेली तवा तिच्या दहाव्याला मीच बोललो. दुसरं कोण बोलणार? आजबी लोक म्हणत्यात, धर्माजी, आईच्या दहाव्याला बोललास तसं कधीच बोलला न्हाईस. बाया वरडून रडल्या म्हणं. आन् मला सुदर्शन, त्यातला एक शब्द आठवत न्हाई. एवढी प्यायलो व्हतो. माझ्या आईबद्दल मी काय बोललो ते साऱ्या गावाला ठाऊक हाय, मलाच ठाऊक न्हाई. कुणाला विचारावं तर लाज वाटती."

पाटाचं पाणी फुटलं व्हतं, सुदर्शननं खोऱ्यानं माती ओढून ते बांधलं. मंग म्हणला, "हे तिथं बोलला?"

"न्हाई."

"मंग मला कशाला सांगता?"

"तुझं मी तुला न इचारता सांगितलं. माझं तुला इचारून सांगावं म्हणलं, तर इचारायचंबी राहिलं."

सुदर्शनला हासू आलं, पर दाबलं. म्हणला, "जुन्नरला मी येणार न्हाई. बाजारात पाय ठेवणार न्हाई. तिकडं तुमच्या बाजूला कुठं तरी असंल तर बघू. चार माणसं नसावीत." आन् मामांना रोपांची एक पाटी दिली, कारण आईला खोटं पटायला पायजे.

आता दोघांसाठी मिटींग भरवायची कुठं? शेठ म्हणले, दोन माणसं बसली तरी मिटींगच असते, जागा तेवढी शोधा. मामा घोडेगावात फिरले. एका देवळाच्या सभामंडपात विचारलं तर पुजारी म्हणला भजन करणार असाल तर बसा, अभंग येतात का. शाळेत विचारलं तर म्हणले कशाची मिटींग, अर्ज द्या. शेवटी मामा साधना सिस्टरकडं गेले आन् सरळ सांगितलं. सिस्टरच्या घरामागं पडवी व्हती, जुना पलंग आन् शिलाई मशीन ठेवलेली. म्हणली, "शनिवारी दुपारी मी ड्युटीवर असते. किल्ली तुळशीवृंदावनाखाली."

त्या शनिवारी मामा आधी पोचले. पडवी झाडली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. शिलाई मशीन भिंतीला सरकवून दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. मंग वाट बघितली. पिंपळवंडीच्या बाजूनं येणारी एसटी येऊन गेली, सुदर्शन दिसला न्हाई. दुसरी आली, तीबी गेली. मामांना वाटलं, संपलं. ते उठले, तांब्या उचलला, परत ठेवला. रस्त्याच्या पलीकडं देशीचं दुकान हाय ते मामांना ठाऊकच व्हतं. पाय दाराकडं गेले. दारात आले तर सुदर्शन रस्त्याच्या कडेला आंब्याखाली उभा, कितीतरी येळाचा उभा असावा, चपलेनं माती उकरत. त्याची नजरबी त्याच दुकानाकडं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. सुदर्शन आत आला.

बसल्यावर मामा म्हणले, "आधी मी." आन् मोठा श्वास घेतला, नेहमीसारखा छातीभर. मंग तो तसाच सोडून दिला आन् हळू आवाजात, पडवीतल्या पडवीत ऐकू जाईल असं म्हणले, "मी धर्माजी. मी दारुडा हाय." पुढं म्हणले, "आईच्या दहाव्याला काय बोललो ते आठवत न्हाई, म्हणून आज नव्यानं बोलतो. माझी आई ताकात मीठ जास्त घालायची. तिला गोड खपायचं न्हाई. मी लहान असताना ती मला म्हशीवर बसवून ओढ्यातून न्यायची, आन् मी भ्यालो तर मोठ्यानं हासायची. बाप मारायचा तवा मधी पडायची, पर कधी कधी न्हाईबी पडायची. मला दोन्ही आठवतं. ती गेली तवा तिच्या अंगावरची गोधडी मी धुतली न्हाई. बास."

या भाषणात एकबी देवमाणूस न्हवता. घाटावर असं कुणी बोललं असतं तर लोकांनी तोंडं वाकडी केली असती. सुदर्शन खाली बघत व्हता. त्यानं तांब्यातून पाणी प्यायलं, निम्मं शर्टावर सांडलं.

मंग तो बोलायला लागला. काय बोलला ते मामांनी कधी कुणाला सांगितलं न्हाई. बयामामीलाबी न्हाई. मामी पुढं कितीदा इचारायची, "एवढं काय बोलत व्हता तो?" तर मामा म्हणायचे, "त्याचं हाय ते." एवढंच कळलं की तो बोलत राहिला आन् मामा नुसते ऐकत राहिले, मधी हुंकारसुद्धा न्हाई, आन् मंचरला जाणारी एसटी निघून गेली ती दोघांनाबी कळली न्हाई.

मंग रस्त्यावर उभं राहून त्यांनी एका जीपला हात केला. जीपमधी माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यात दोघंजण मामांना ओळखणारे निघाले. "काय धर्माजीमामा, इकडं कुठं? कुणाचा दहावा?"

सुदर्शननं मामांकडं बघितलं. मामा म्हणले, "कुणाचा न्हाई राव. ह्यांच्या टोमॅटोला काय मारावं ते इचारायला आलो व्हतो कृषी सेवा केंद्रात." आन् मंचर येईस्तोवर दोघं टोमॅटोच्या करपा रोगावर आन् औषधांवर बोलत गेले, अगदी तावातावानं, जीपमधल्या लोकांनीबी त्यात आपापली अक्कल सांगितली.

मंचरला सुदर्शन उतरला. नारायणगावच्या गाडीकडं निघाला, मंग परत फिरला आन् जीपच्या खिडकीपाशी येऊन म्हणला, "मामा, पुढच्या शनिवारी येताना तुमच्याकडचं ताक आणा. मीठ मी घालीन."